लुआउला जाताय? मग अळूच्या पानापासून सुरुवात करा

हवाईची सहल ठरली की ज्वालामुखी, समुद्र आणि लुआउ या तीन गोष्टी यादीत असतातच. पहिल्या दोन बघायला फारशी पूर्वतयारी लागत नाही. लुआउचं, म्हणजे हवाईच्या नाच-जेवणाच्या मेजवानीचं, तसं नाही. माणशी दीडशे-दोनशे डॉलर सहज जातात. गळ्यात फुलांचा हार पडतो, समुद्रकाठच्या हिरवळीवर लांबलचक टेबलाशी अनोळखी लोकांच्या पंक्तीला आपण बसतो. मग तीन तासांत जमिनीतून डुक्कर निघतं, बुफे होतो, एकामागून एक नाच होतात, शेवटी एक जण पेटलेली सुरी गरागरा फिरवतो आणि टाळ्यांच्या कडकडाटात सगळे पार्किंगकडे पळतात. मजा येते, नाही असं नाही. पण त्यात हवाईचं किती, दुसऱ्या बेटांवरचं किती आणि पर्यटकांसाठी जमवलेलं किती, हे तिथं सहसा कुणी समजावून सांगत नाही. ते आधी ठाऊक असलं तर त्याच तिकिटात बरंच जास्त दिसतं.

सुरुवात अळूपासून करू, कारण सगळं त्याच्याभोवती फिरतं. हवाईत अळूला कालो म्हणतात आणि त्याच्या कोवळ्या पानांना लुआउ. ही पानं नारळाच्या दुधात शिजवून त्यात कोंबडी किंवा ऑक्टोपस घातला की जो पदार्थ होतो, तोही लुआउच. मेजवानीला पूर्वी ‘अहाआइना’ किंवा ‘पाइना’ म्हणत. एकोणिसाव्या शतकात पदार्थाचं नाव मेजवानीला चिकटलं. आणि ही वनस्पती म्हणजे आपल्या परसातलंच अळू. कच्चं राहिलं तर घसाही तसाच खाजवतं. आपण त्यावर चिंचेचा उतारा शोधला, हवाईचे लोक ते नुसतं तासन् तास शिजवतात.

हवाईच्या मूळ रहिवाशांच्या कथेत आकाशपिता वाकेआ आणि होओहोकूकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं, त्या जागी कालो उगवला. दुसरं मूल जगलं, त्याचं नाव हालोआ. तो माणसांचा पूर्वज. म्हणजे कालो हा माणसाचा थोरला भाऊ. तो आपल्याला पोसतो, आपण त्याला जपायचं. म्हणून पोईचं, म्हणजे कालोचा कंद कुटून केलेल्या लगद्याचं, भांडं उघडं असताना भांडायचं नाही, असा घरोघरचा दंडक आहे.

राजा बायकांच्या पंक्तीला बसला, तेव्हा

लुआउ प्राचीन आहे असं जाहिरातीत छापलेलं असतं. मेजवान्या प्राचीन आहेत हे खरं. पण बायका-पुरुष, लहान-थोर सगळे एका पंक्तीत बसून जेवतात, ही गोष्ट १८१९ नंतरची.

त्याआधी ‘कापू’ नावाची कडक विधिनिषेधांची व्यवस्था होती. पुरुषांनी आणि बायकांनी वेगळं शिजवायचं, वेगळं जेवायचं. बायकांना डुकराचं मांस, नारळ, बहुतेक जातींची केळी आणि काही मासे वर्ज्य. मोडलं तर शिक्षा मृत्यूचीही असे. बेटं एका छत्राखाली आणणारा पहिला कामेहामेहा १८१९ च्या मे महिन्यात वारला आणि त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. लिहोलिहोची आई केओपूओलानी आणि थोरल्या राजाची आणखी एक राणी काआहुमानू, या दोघींना कापू मोडायचं होतं. त्याच वर्षी कोना किनाऱ्यावरच्या मेजवानीत तरुण राजा उठला, बायकांच्या टेबलाकडे गेला आणि तिथं बसून जेवला. देवळं पाडण्याचे हुकूम पाठोपाठ निघाले. ख्रिस्ती मिशनरी यायला अजून काही महिने होते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं. जुनी व्यवस्था मोडली ती घरातल्यांनीच, आणि तीही जेवणाच्या पानावर.

मिशनरी १८२० मध्ये आले. पुढे काआहुमानूनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८३० मध्ये जाहीर हुला नाचावर बंदी घातली. नाच थांबला नाही, खेड्यापाड्यांत आणि घराघरांत लपून राहिला. मेजवान्या मात्र फुगत गेल्या. १८४७ च्या ३१ जुलैला तिसऱ्या कामेहामेहानं नुआनू खोऱ्यात जी दिली, तिची सामानाची यादी शिल्लक आहे: २७१ डुकरं, पोईची ४८२ मोठी भांडी, ६०२ कोंबड्या, २,२४५ नारळ, आणि बरंच काही. पाहुणे हजारोंच्या घरात.

हुलाला पुन्हा उजेडात आणलं राजा कालाकाउआनं. १८८३ च्या राज्याभिषेकात आणि १८८६ च्या पन्नासाव्या वाढदिवशी त्यानं राजवाड्याच्या आवारात उघडपणे नाच करवले, त्यावर मिशनरी गोटातून भरपूर ओरड झाली. १८९३ मध्ये त्याची बहीण, राणी लिलिउओकालानी, हिला अमेरिकी व्यापारी आणि साखरवाल्यांच्या गटानं पदच्युत केलं. १८९८ मध्ये अमेरिकेनं बेटं खालसा केली. हवाई राज्य म्हणून अमेरिकेत सामील झालं १९५९ मध्ये. तिकीट लावून होणारा लुआउ हे या शेवटच्या टप्प्याचं, बोटींनी आणि मग जेट विमानांनी आलेल्या गर्दीचं अपत्य. होनोलुलूच्या वायकीकी भागात १९३७ पासून एक फुकट हुला शो चालायचा. तो भरवणारी कंपनी होती कोडॅक, आणि कार्यक्रम भर दिवसा असायचा, कारण पाहुण्यांच्या कॅमेऱ्यातल्या फिल्मला ऊन लागायचं. २००२ पर्यंत तो चालला. आजच्या लुआउत नाचापेक्षा फोटोला जास्त वेळ का मिळतो, याचं थोडं उत्तर तिथं आहे.

खड्डा

कार्यक्रम बहुधा पाचच्या सुमाराला सुरू होतो. हार, पेय, फोटो, पानं विणण्याचे वगैरे खेळ, आणि सूर्य कलला की शंख फुंकून सगळ्यांना इमूकडे बोलावतात. इमू म्हणजे जमिनीतली भट्टी. त्या वेळी तुम्हाला दिसतो फक्त शेवटचा अंक: दोघं जण फावड्यानं माती बाजूला करतात, ताडपत्री उचलतात, वाफ येते, मांस निघतं. पाच मिनिटं. खरं काम पहाटेपासून चाललेलं असतं.

खड्डा खणून त्यात किआवेची लाकडं रचतात. किआवे म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीचा जातभाई, हवाईत तोही बाहेरूनच आलेला. लाकडांवर ज्वालामुखीचे सच्छिद्र दगड. छिद्रं असणं महत्त्वाचं, कारण घट्ट दगड तापून फुटतो आणि कपच्या उडतात. लाकूड जळून निखारा होईपर्यंत दगड रसरशीत तापतात. मग ते सपाट पसरून त्यावर केळीचे चेचलेले खुंट घालतात. त्यातलं पाणी हीच भट्टीची वाफ. वर ‘की’ नावाच्या झाडाची लांब, चिवट, मेणचट पानं. डुकराला जाडं मीठ चोळलेलं असतं, पोटाच्या पोकळीत तापलेले दगड भरलेले असतात, म्हणजे आतूनही शिजेल. पुन्हा पानं, त्यावर भिजवलेली गोणपाटं, ताडपत्री, आणि कडेनं माती दाबून बसवायची. कुठून वाफेची रेघ निघताना दिसली की तिथं एक फावडं माती आणखी. सात-आठ तास हे असंच राहतं. भाजणं, उकडणं आणि धुरावणं तिन्ही एकदम होतं. बाहेर काढलं की हाडं हातानं ओढून निघतात. याला कालुआ म्हणतात.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. पाचशे पाहुण्यांना एक डुक्कर पुरत नाही. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ताटात येणारं बहुतेक मांस स्वयंपाकघरातल्या ओव्हनमधलं असतं आणि इमूतलं डुक्कर दाखवण्यापुरतं. काही हॉटेलांत तर इमूच नसतो. तिकीट काढताना हे विचारायला हरकत नाही.

ताटात काय आहे

सगळ्यात जास्त अन्याय होतो तो पोईवर. उकडलेला अळकुडीसारखा कंद लाकडी पाटावर दगडी बत्त्यानं कुटत, मधूनमधून पाण्याचा हात लावत, जांभळट-राखाडी लगदा होईपर्यंत जायचं, ती पोई. घट्ट असेल तर एका बोटानं उचलली जाते, पातळ असेल तर दोन किंवा तीन बोटं लागतात. तिच्या प्रती बोटांवरूनच सांगतात. दोन-तीन दिवस ठेवली की आंबते, आणि जुन्या लोकांना ती आंबटच आवडते. पर्यटक काय करतात, तर चमच्याच्या टोकावर थोडीशी घेऊन नुसती चाखतात, तोंड वेडंवाकडं करतात आणि ‘भिंतीला लावायची खळ’ म्हणून हसतात. कोरडी भाकरी नुसती चावून ज्वारीला चव नाही म्हणण्यातला हा प्रकार आहे. पोई तोंडी लावण्याबरोबर खायची असते. खारट कालुआ मांसाचा घास, मग पोई. लोमी सॅमन, मग पोई. मंचावरून निवेदक पोईवर विनोद करतो तेव्हा त्यात सामील होऊ नये, एवढंच माझं म्हणणं. थोरला भाऊ आहे तो त्यांचा.

पोई ताटात एवढीशीच का वाढतात, यालाही कारण आहे. कालो पाण्यात उभा वाढतो, भातखाचरासारख्या ‘लोई’ नावाच्या वाफ्यांत, आणि ते पाणी वाहतं आणि थंड लागतं. एकोणिसाव्या शतकापासून उसाच्या मळ्यांनी ओढे वळवून नेले आणि खाली लोई सुकत गेले. हवाईतला शेवटचा साखर कारखाना माउईवर २०१६ मध्ये बंद झाला, पण वळवलेलं पाणी परत ओढ्यात सोडण्यावरून तंटे चालूच राहिले. आज कालोचं पीक मुख्यतः काउआई बेटावरच्या हानालेई खोऱ्यात निघतं. म्हणून पोई महाग.

बाकीचं ताट म्हणजे बेटांच्या इतिहासाची खतावणी. लाउलाउ जुना: डुकराचं मांस आणि मासा अळूच्या पानांत, त्यावर कीच्या पानाचं वेष्टण, आणि उकडलेलं. बाहेरचं पान सोडून टाकायचं, आतलं खायचं. नवखे लोक उलटंही करतात. लोमी सॅमन म्हणजे खारवलेला सॅमन, टोमॅटो आणि कांदा हातानं कुस्करून. सॅमन हवाईच्या समुद्रात मिळतच नाही, तो उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरून पिंपांत भरून यायचा. चिकन लाँग राइसच्या काचेसारख्या शेवया चिनी मजुरांच्या, तेरियाकी मांस जपान्यांचं, मॅकरोनी सॅलड मळ्यांवरच्या मिसळलेल्या डब्यांतलं. अननस दक्षिण अमेरिकेतून आला. आणि हातात दिलेलं माई ताई कॉकटेल १९४४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात जन्मलं. गोडाला हाउपिया, म्हणजे नारळाच्या दुधाची घट्ट वडी. कुठं कुलोलो दिसला तर सोडू नका. किसलेला कालो, नारळाचं दूध आणि साखर घालून तासन् तास शिजवलेला हा तपकिरी, चिकट, खमंग पदार्थ मराठी जिभेला लगेच पटतो.

शाकाहारी मंडळींसाठी: पोई, भात, हाउपिया, कुलोलो आणि जांभळं रताळं नावाला निर्धोक. पण रताळी कधी कधी डुकराशेजारी त्याच इमूत भाजलेली असतात, लुआउच्या भाजीत कोंबडी असते, मॅकरोनी सॅलडमध्ये अंड्याचं मेयोनीज असतं. बहुतेक ठिकाणी आधी कळवलं तर वेगळं ताट देतात. तिथं रांगेत उभं राहून विचारलं तर वाढणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर तिकिटाच्या वेळीच लिहून टाका. आणि जमिनीतून अख्खं डुक्कर काढताना बघणं त्यांना झेपेल का, हेही घरीच विचारून घ्या. इमूपाशी गेलंच पाहिजे असं नाही, तेवढा वेळ जागेवर बसून राहता येतं.

नाच कुणाचा

जेवण उरकत आलं की दिवे मंदावतात. आता जे नाच होतात ते सगळे हवाईचे नसतात. कंबर विजेसारखी हलवत, लाकडी ढोलांच्या कडकडाटावर होणारा नाच ताहितीचा. जीभ काढून मांड्या थोपटत होतो तो न्यूझीलंडच्या माओरींचा. शेवटची पेटती सुरी सामोआची, आणि तिला आग लावण्याची कल्पना तर १९४६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फ्रेडी लेतुली या सामोअन कलाकारानं काढली. गवताचे घागरे गिल्बर्ट बेटांवरून मळ्यांत आलेल्या मजुरांबरोबर आले. चांगला निवेदक प्रत्येक नाचाचं गाव सांगतो. न सांगणारा सगळ्याला ‘हवाईचा प्राचीन वारसा’ म्हणून मोकळा होतो.

हवाईचा तो हुला. त्यात शब्द आधी, नाच नंतर. काहिको म्हणजे जुना प्रकार: गुरू, ज्याला कुमू हुला म्हणतात, दोन भोपळे जोडून केलेला इपू जमिनीवर आपटत, हातानं थापत स्तोत्र म्हणतो आणि नर्तक ते शब्द हातांनी, गुडघ्यांनी उलगडतात. विषय देवांचे, राजांचे, एखाद्या खोऱ्यातल्या पावसाचे. आउआना हा नवा प्रकार गिटार आणि युकुलेलीवर चालतो. युकुलेलीचं मूळ वाद्य मादेइरा बेटावरच्या पोर्तुगीज मजुरांनी १८७९ मध्ये आणलं. भाषा कळली नाही तरी एक करता येतं: कंबरेकडे न बघता हातांकडे बघायचं. डोंगर, पाऊस, फूल, लाट हातात दिसायला लागतात. मग स्टेजवर पाहुण्यांना बोलावतात, नवविवाहित जोडप्यांना हमखास. जरूर जा, मनापासून नाचा. नुसतं टिंगल केल्यासारखं कंबर हलवून खाली उतरू नका. या नाचासाठी माणसं लहानपणापासून गुरूच्या हाताखाली घासतात.

हाराबद्दलही थोडं. त्याला लेई म्हणतात. कुणी घालायला आलं तर मान पुढे करायची, नको म्हणायचं नाही, आणि देणाऱ्यासमोर काढायचा नाही. गरोदर बाईला दोन्ही टोकं मोकळी असलेला लेई घालतात, बंद वर्तुळ नाळेसारखं गुंडाळलं जाईल म्हणून. सुकलेला लेई कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत. दोरा काढून फुलं मातीत किंवा झाडाखाली टाकायची. पांढऱ्या कळ्यांचा, नाजूक वासाचा लेई मिळाला तर नाकाला ओळख पटेल. तो मोगरा आहे. तिथं त्याला पिकाके, म्हणजे मोर म्हणतात, कारण राजकन्या काइउलानीला मोर आणि मोगरा दोन्ही फार आवडायचे.

आणखी एक जपायचं. तिथं राहणाऱ्या प्रत्येकाला ‘हवाइयन’ म्हणू नये. तो शब्द मूळ रहिवाशांच्या वंशजांसाठी. जपानी किंवा फिलिपिनो वंशाचा माणूस तीन पिढ्या तिथं राहिला तरी स्वतःला ‘लोकल’ म्हणवतो.

घरचा लुआउ

तिकिटाशिवायचे लुआउ आजही दर आठवड्याला कुठं ना कुठं चालू असतात. सगळ्यात मोठा असतो बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा. बाहेरून आलेल्या रोगांनी बेटांवर एके काळी इतकी मुलं दगावली, की वर्षभर जगलेलं मूल हीच मोठी गोष्ट होती. प्रथा टिकून राहिली. बागेतला मांडव किंवा घरचं गराज, कागद अंथरलेली टेबलं, आदल्या रात्रीपासून इमूपाशी जागणारे पुरुष, स्वयंपाकघरात लाउलाउ बांधत बसलेल्या बायका. वयानं मोठ्या प्रत्येकाला अंकल किंवा आंटी म्हणायचं, ओळख असो-नसो. ऑफिसातल्या किंवा शेजारच्या ओळखीवर असं आमंत्रण आलं तर तिकिटाचा लुआउ खुशाल रद्द करा. रिकाम्या हातानं जाऊ नका, बाळासाठी पाकीट न्या, दारात चपला काढा, जेवणाआधी प्रार्थना होईपर्यंत थांबा. निघताना झाकलेली थाळी हातात कोंबतील. ती घ्यायचीच असते. शाळा आणि चर्चही निधीसाठी लुआउ भरवतात. स्वस्त असतात आणि गर्दी गावातल्यांचीच असते.

तिकीटच काढायचं असेल तर निवड तुमच्या अपेक्षेवर आहे. ओआहूवर लाइए गावातलं पॉलिनेशियन कल्चरल सेंटर १९६३ पासून आहे, मॉर्मन चर्चच्या मालकीचं. तिथं दारू मिळत नाही, आणि हवाईखेरीज इतर बेटांचं काय ते स्वतंत्रपणे बघायला मिळतं. माउईवरचा ओल्ड लाहाइना लुआउ आगीची सुरी वगैरे दाखवत नाही, हवाईच्या गोष्टीला धरून राहतो. ऑगस्ट २०२३ च्या वणव्यात लाहाइना गाव जळालं, त्यातून त्यांची जागा वाचली आणि मार्च २०२४ मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. निव्वळ हुलाची ओढ असेल तर हिलो गावी ईस्टरनंतर कालाकाउआच्या स्मरणार्थ मेरी मोनार्क महोत्सव भरतो. तिथल्या स्पर्धेची तिकिटं मिळणं कठीण, टीव्हीवर मात्र सगळं राज्य बघतं.

आणि शो नको, नुसतं जेवण हवं असेल तर होनोलुलूच्या कालिही भागात हेलेनाज हवाइयन फूड गाठा. १९४६ पासूनचं साधं हॉटेल, २००० मध्ये जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतला खाद्यक्षेत्राचा मानाचा पुरस्कार मिळालेलं. कालुआ, पोई, लाउलाउ, स्क्विड घातलेला लुआउ, सगळं छोट्या वाट्यांतून मागवता येतं. त्याच ओआहू बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वायाहोले पोई फॅक्टरीत पोई मिळतेच, शिवाय गरम कुलोलोवर हाउपियाचं आइस्क्रीम घालून देतात. दुपारी रांग मोठी असते, लवकर जा.